भिडेचा हिशेब : साखळी विक्रीचे वाङ्मय आणि मराठी घर

माझ्या थोरल्या वहिनींची एक दोनशे पानी वही सध्या माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली जानेवारी २००७ अशी तारीख, आणि दुसऱ्या पानापासून नावांची यादी. एकूण १६३ नावे. प्रत्येक नावापुढे पट्टीने आखलेले तीन रकाने आहेत : नाते, गरज, भीड. चौथ्या क्रमांकावर मी आहे. 'धाकटे भावजी. पतसंस्थेत कायम. गरज नाही. भीड पुष्कळ.'

वहिनी तेव्हा साखळी विक्रीच्या एका कंपनीत नुकत्याच 'जॉइन' झाल्या होत्या. कंपनीचे नाव देत नाही. ती केव्हाच बंद पडली, आणि नाव सांगून विषयात काही भरही पडणार नाही. यादी करणे हे या धंद्यातले पहिले काम. त्यासाठी दिलेल्या छापील पुस्तिकेत सूचना होत्या : लग्नाच्या आहेराची वही काढा, फोनची डायरी काढा, मुलाच्या वर्गातले पालक आठवा, हा येईल, तो येणार नाही असे आधीच ठरवू नका. तिसऱ्या रकान्याला पुस्तिकेत 'संबंध' असे नाव होते आणि त्यात अ, ब, क अशी श्रेणी भरायची होती. वहिनींनी तिथे आपल्या हाताने 'भीड' असे लिहिले. त्या सातवी शिकलेल्या. गेली बारा-तेरा वर्षे मी या विषयावर जमेल तसे वाचतो आहे, पण एवढा नेमका शब्द मला कुठल्या ग्रंथात सापडलेला नाही.

मी समाजशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. बी.कॉम. होऊन सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लागलो, तिथेच अठ्ठावीस वर्षे काढली, आणि वाचन केले ते संध्याकाळी नगर वाचनालयात. त्यामुळे या लेखात सिद्धान्त कमी आणि कागदपत्रे जास्त येतील. वाङ्मयीन अंकाच्या वाचकापुढे हा विषय मांडण्याचे कारण एवढेच की हा धंदा मालावर जितका चालतो तितकाच पुस्तकांवर आणि भाषणांवर चालतो. त्याचे स्वतःचे एक वाङ्मय आहे, ते आपल्या एसटी स्टँडवरच्या प्रत्येक स्टॉलवर मराठीत मिळते, आणि त्याची समीक्षा कुणी करत नाही.

वहिनींच्या घरी तेव्हा चार पुस्तके आली. ती दर महिन्याला एक या हिशेबाने घ्यायची असत. डेल कार्नेगी यांचे १९३६ सालचे माणसे जोडण्याविषयीचे, नेपोलियन हिल यांचे १९३७ सालचे श्रीमंत होण्याविषयीचे, डेव्हिड श्वार्ट्झ यांचे १९५९ सालचे मोठा विचार करण्याविषयीचे, आणि रॉबर्ट कियोसाकी यांचे 'रिच डॅड पुअर डॅड'. पहिली तीन जुनी आहेत आणि त्यांचे लेखक साखळी विक्रीसाठी लिहीत नव्हते. चौथ्याची गोष्ट निराळी. ते १९९७ साली लेखकाने स्वतःच छापले, आणि त्याच्या सुरुवातीच्या प्रसारात अमेरिकेतल्या नेटवर्कवाल्या मंडळींचा मोठा हात होता. पुढे कियोसाकी यांनी २००१ आणि २०१० मध्ये या धंद्याची उघड शिफारस करणारी पुस्तके लिहिली.

या पुस्तकातला 'गरीब बाप' कोण आहे? तो दारुडा नाही, जुगारी नाही. तो भरपूर शिकलेला, सरकारी शिक्षण खात्यातला मोठा अधिकारी आहे. लेखकाचे वडील हवाई राज्यात त्याच खात्याचे प्रमुख होते. शिका, चांगली नोकरी धरा, पेन्शन मिळवा, असे तो मुलाला सांगतो. 'श्रीमंत बाप' म्हणजे मित्राचा बाप. तो प्रत्यक्षात होता की नव्हता यावर अमेरिकेत बराच वाद झाला. तिकडच्या वाचकाने हे पुस्तक पैशाच्या व्यवहारावरचे म्हणून वाचले असेल. आपल्याकडे ते ज्या घरात शिरले, त्या घरातला बाप प्राथमिक शिक्षक होता. महाराष्ट्रात गेल्या शंभर वर्षांत जी कुटुंबे शेतीतून किंवा मजुरीतून वर आली, त्यांतली कितीतरी एका मास्तराच्या पगारावर वर आली. आमचे घर त्यांतलेच. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. माझ्या पुतण्याने ते पुस्तक अकरावीत वाचले आणि एका रात्री जेवताना बापाला तोंडावर 'पुअर डॅड' म्हटले. दादा हसले. ते हसणे मी अजून विसरलेलो नाही.

त्याच लेखकाची चार घरांची एक आकृती आहे. डावीकडे नोकरदार आणि स्वतंत्र व्यावसायिक, उजवीकडे उद्योजक आणि गुंतवणूकदार. प्लॅन दाखवायच्या प्रत्येक बैठकीत ती पांढऱ्या फळ्यावर काढली जाते. डावीकडचा जन्मभर राबतो, उजवीकडच्यासाठी पैसा राबतो, आणि सभासद झालात की तुम्ही उजवीकडे गेलात. हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर इथेच खोट दिसते. उद्योजक मालाची किंमत ठरवतो, माल बदलतो, धंदा विकू शकतो, दुसऱ्याच्या नावे करू शकतो. सभासदाला यातले काय करता येते? माल कंपनीचा, किंमत कंपनीची, कमिशनचा तक्ता कंपनीचा. तो बदलला तर सभासदाला नंतर कळते. प्रवास, चहापाणी, फोन, मेळाव्याचे तिकीट, पुस्तके हा खर्च मात्र त्याचा. जोखीम उद्योजकाची आणि अधिकार फिरत्या विक्रेत्याचे, तेही पगाराशिवाय. त्या आकृतीत या माणसासाठी घरच नाही.

भाषणांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण कुटुंबावर खरा परिणाम त्यांचा होतो. कोल्हापूर, सांगली, मिरज इथल्या मंगल कार्यालयांत झालेले असे सहा मेळावे मी ऐकले. मंचावरून सांगितली जाणारी प्रत्येक यशकथा एकाच साच्याची : आधी ओढग्रस्त, मग कुणीतरी प्लॅन दाखवतो, मग नातेवाइकांची कुचेष्टा, मग मधेच श्रद्धा डळमळते आणि सगळे जाते, मग पुन्हा 'सिस्टिम' धरली जाते, आणि शेवटी गाडी. ऐकताना मला सारखी सत्यनारायणाच्या पोथीतल्या साधुवाण्याची आठवण येई. नवस बोलून विसरला म्हणून त्याच्यावर संकटे. कलावती प्रसाद न घेता धावली म्हणून नवऱ्याची नाव बुडाली. चूक सुधारली आणि सगळे परत मिळाले. आपल्या व्रतकथांच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला हा कार्यकारणभाव नवीन नसतो. अपयश आले तर चूक व्रताची कधीच नसते, व्रत करणाऱ्याची असते. फरक आहे तो खर्चाचा. सत्यनारायणाला सव्वा मापाचा शिरा पुरतो, आणि शेजाऱ्याला प्रसाद दिला म्हणून त्याच्याकडून वर्गणी घेतली जात नाही.

या साच्यात कुचेष्टा करणारे नातेवाईक हे एक ठरलेले पात्र आहे. त्याला 'निगेटिव्ह' म्हणतात. निगेटिव्ह माणसापासून लांब राहा, त्याच्याशी धंद्याविषयी बोलू नका, मोठे झालात की तोच पाय धरत येईल. म्हणजे ज्याच्या भिडेवर पहिला हप्ता उभा केला, त्याने नकार देताच त्याचे नाव दुसऱ्या यादीत जाते. वहिनींच्या वहीत अशा नावांपुढे फुली आहे. १६३ पैकी ११८ फुल्या मी मोजल्या. त्यांत त्यांची सख्खी मोठी बहीण आहे, आमचे चुलते आहेत, आणि मुलीच्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्यात बसलेली शेजारीण आहे.

*

अमेरिकेत या विषयावर जे अभ्यासू लेखन झाले त्यातली दोन पुस्तके मला महत्त्वाची वाटतात. निकोल बिगार्ट यांचे 'कॅरिझमॅटिक कॅपिटॅलिझम' १९८९ साली आले. मॅक्स वेबरचे बोट धरून त्या म्हणतात, की आधुनिक कचेरी घर आणि काम यांच्यात भिंत घालते. थेट विक्रीच्या संस्था ती भिंत पाडतात, नवराबायकोला मिळून एक विक्रेता मानतात आणि संघटनेलाच कुटुंबाचे रूप देतात. निरीक्षण अचूक आहे. पण बिगार्ट यांचे लक्ष संघटना कशी टिकते याकडे आहे. ती मोडल्यावर मागे काय उरते याकडे नाही. दुसरे पुस्तक स्टीफन बटरफील्ड यांचे, १९८५ सालचे. हे इंग्रजीचे प्राध्यापक, स्वतः काही काळ अ‍ॅमवेत होते, नंतर बाहेर पडले. त्यांचे पुस्तक चिडून लिहिलेले आहे आणि कधीकधी ती चीड पानावर सांडते. तरी मी बिगार्टपेक्षा त्यांच्याकडे पुन्हापुन्हा जातो, कारण ते भाषेकडे पाहतात. आपण मित्राशी बोलत आहोत की ग्राहकाशी, हे बोलणाऱ्यालाच कळेनासे होते, ही गोष्ट आत राहून आलेल्या माणसालाच लिहिता येते.

दोघांच्याही पुस्तकांत 'कुटुंब' बऱ्याच अंशी रूपक म्हणून येते. आपल्याकडे रूपकाची गरज पडत नाही. वहिनींना त्यांच्या भावाने लावले, वहिनींनी दादांच्या मावसभावाला लावले, त्याने सासऱ्याला. कंपनीच्या संगणकावर दिसणारा तो वृक्ष छापून काढला असता तर आमची वंशावळच निघाली असती.

आता थोडे गणित, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. प्रत्येकाने सहा माणसे लावायची, असा प्लॅन घेऊ. दहाव्या पायरीवर ६ कोटी ४ लाख ६६ हजार १७६ माणसे लागतात, अकराव्या पायरीवर ३६ कोटींहून जास्त. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या आसपास होती. याचा अर्थ असा नाही की साखळी अकराव्या पायरीपर्यंत जाते. ती चौथ्या-पाचव्या पायरीवरच थकते. पण कुठेही थांबली तरी त्या क्षणी सर्वांत मोठी संख्या शेवटच्या पायरीवर असते, आणि त्यांच्याखाली कोणी नसते. हे शेवटचे लोक कोण असतात? ज्यांना सर्वांत उशिरा विचारले ते, म्हणजे बहुतेक वेळा ज्यांच्याकडे पैसा कमी म्हणून आधी विचारले नव्हते ते.

इथे भिशीची तुलना उपयोगी पडते. भिशीही ओळखीवरच चालते, भिडेवरही चालते. बारा बायका, बारा महिने, दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे. वर्ष संपले की प्रत्येकीने जेवढे घातले तेवढे तिला मिळालेले असते. तेरावी बाई आली नाही म्हणून कुणाचे नुकसान होत नाही. भीड तिथे पैसे वेळेवर भरायला लावते, आणि त्याचा फायदा सगळ्यांना मिळतो. साखळीत भीड एकदाच वापरता येते. एकाच वहिनीसाठी माणूस दुसऱ्यांदा साडेसात हजार भरत नाही.

सगळी थेट विक्री साखळी नव्हे, हेही लिहून ठेवतो. टपरवेअरचे डबे १९५१ पासून अमेरिकेत दुकानांऐवजी घरगुती मेळाव्यांतून विकले जाऊ लागले. ब्राउनी वाइझ या बाईंनी ती पद्धत बसवली. १९९६ साली ते भारतात आले, आणि आपल्या हळदीकुंकवाच्या बैठकीत सहज सामावले. डबा महाग असेल, पण घेणारी डबा म्हणूनच घेत होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ साली कॉस्कॉट प्रकरणात हाच निकष लावला : मोबदला माल खऱ्या ग्राहकाला विकल्याबद्दल मिळतो की माणूस आणल्याबद्दल? १९७९ साली त्याच आयोगाने अ‍ॅमवेला पिरॅमिड ठरवले नाही, मात्र उत्पन्नाविषयी दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला. आपल्याकडे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ साली अ‍ॅमवेच्या योजनेबाबत उलटा निष्कर्ष काढला. ती १९७८ च्या कायद्यातल्या 'मनी सर्क्युलेशन'च्या व्याख्येत येते असे म्हटले. ज्या वर्षी वहिनींनी वही घातली, त्याच वर्षी. आमच्या तालुक्यात ती बातमी कुणी वाचली असेल असे वाटत नाही.

*

१९७८ च्या त्या कायद्याचे तिसरे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वाचनालयाच्या टेबलावर घाम फुटला. अशी योजना चालवणाऱ्यालाच नव्हे, तर तिचा सभासद होणाऱ्याला, तिच्यात भाग घेणाऱ्याला, तिच्यापायी पैसे घेणाऱ्या-देणाऱ्यालाही ते कलम मनाई करते. चौथ्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे फसलेला माणूस तक्रार द्यायला गेला तर कागदावर तो स्वतःही कलमात बसतो, आणि ज्याने त्याला लावले तो तर बसतोच. लावणारा कोण? मेहुणा, मावसभाऊ, धाकटी जाऊ. पोलिसात जाणे म्हणजे घरातल्याचे नाव देणे. या धंद्याने बुडालेल्यांचे आकडे तुटपुंजे का असतात, याचे मला पटलेले उत्तर हे आहे.

२८ डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम जाहीर केले. पिरॅमिड योजनांना त्यात स्पष्ट बंदी आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असे एक कलम आहे. होतकरू सभासदाला पुस्तके किंवा प्रात्यक्षिकाचे साहित्य विकत घ्यायला लावू नये, असे दुसरे. दुसरे कलम मोलाचे आहे. वरच्या थरातल्या मंडळींना पुस्तके, ध्वनिफिती आणि मेळावे यांतून मोठी कमाई होते, हा वाद अमेरिकेत २००७ साली कोर्टापर्यंत गेला होता आणि नंतर तडजोडीने मिटला. पहिल्या कलमाचे मात्र हसू येते. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दार वाजवणारा परका विक्रेता आहे. आमच्याकडे विक्रेती थेट स्वयंपाकघरात आली, ओट्यावरचे पोहे स्वतः वाढून घेतले, आणि मग पिशवीतून कागद काढले. तिच्याकडे ओळखपत्र कोण मागणार?

आता माझा हिशेब.

सेवाशर्तींमुळे शिक्षकाला खासगी धंदा करता येत नाही, म्हणून आयडी वहिनींच्या नावाने होता. गावोगाव असेच असते. पैसा नवऱ्याचा, सही बायकोची, आणि बुडाले की बोल बायकोला. पहिल्या वर्षी वहिनींना २३ हजार रुपये मिळाले. खर्च ६० हजारांच्या वर गेला. तो मी नंतर वहीतूनच काढला, त्यांनी कधी बेरीज मारलेली नव्हती. पाटल्या माझ्याच पतसंस्थेत सोनेतारण ठेवल्या गेल्या. अर्जावर कारण 'घरदुरुस्ती' असे होते. मी तो अर्ज स्वतः तपासून पुढे पाठवला. खरे कारण मला माहीत होते.

मी स्वतः साडेसात हजार भरून सभासद झालो. भीड भिकेची बहीण, हे माझी आई नेहमी म्हणे. तेव्हा ते आठवले नाही. प्लॅनप्रमाणे डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशी दोन माणसे मला लावायची होती. डावीकडे मी माझ्या साडूंना लावले. उजवीकडे आमच्या ऑफिसच्या शिपायाला. मी त्याचा साहेब. त्याला नाही म्हणणे शक्य नव्हते, आणि मला ते ठाऊक होते. माझ्या वहीत रकाने नव्हते एवढेच. त्याने पैसे आणले ते बायकोच्या बचत गटातून कर्ज काढून. चौदा महिन्यांनी कंपनीच्या सांगलीच्या कचेरीला कुलूप लागले. मी त्याचे पैसे पाच हप्त्यांत परत केले. त्याने प्रत्येक हप्ता मोजून घेतला आणि प्रत्येक वेळी 'कशाला साहेब' असेही म्हणाला. साडूंनी पैसे घ्यायला नकार दिला. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही. माझ्या बायकोला सख्ख्या भाचीचे लग्न झाल्याचे बाजारात कळले.

वहिनींविषयी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती वगळली तर हा लेख खोटा पडेल. कोल्हापूरच्या एका मेळाव्यात त्यांना मंचावर बोलावले होते. माझ्याखाली तुम्ही दोघे आहात, म्हणून त्यांना एक पिन मिळाली. त्या माइकसमोर दोन मिनिटे बोलल्या. काय बोलल्या ते मला आठवत नाही, पण सहाशे-सातशे लोक टाळ्या वाजवत होते आणि सूत्रसंचालक त्यांना 'मॅडम' म्हणत होता. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली होती. आमच्या घरात त्यांना तोवर कुणी, मीसुद्धा, कशाविषयी मत विचारलेले नव्हते. धंद्याने त्यांच्याकडून काय घेतले याचा हिशेब करताना हा रकाना कुठे मांडायचा, ते मला ठरवता आलेले नाही. बटरफील्ड यांच्या पुस्तकात अशा बायका दिसतात, पण त्यांना ते भोळे समजतात. वहिनी भोळ्या नव्हत्या. भोळ्या बाईने 'भीड' हा रकाना आखला नसता.

ही वही मी मागितली तेव्हा त्यांनी कशाला, असे विचारले. लेख लिहितो आहे म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिल्या, मग आत जाऊन घेऊन आल्या. शेवटची तीस-चाळीस पाने त्यांनी दुधाच्या रतिबासाठी वापरली आहेत. तो हिशेब मार्च २०१४ पर्यंत चालला आहे आणि प्रत्येक महिन्याची बेरीज बरोबर आहे.